पहिली कमची कोणती?

गेल्या बुधवारी कँटीनमध्ये भांडण झालं. भांडण म्हणजे हाणामारी नव्हे हो, आपलं आयटीवाल्यांचं भांडण, ताटातली पोळी गार होईपर्यंत चालणारं. समोर होता आमच्याच मजल्यावर बसणारा एक प्रॉडक्ट डिझायनर मित्र. चांगला मुलगा आहे, हातात कला आहे. कुठल्याशा हस्तकला प्रदर्शनाला जाऊन आला होता आणि मला म्हणाला, "तुमच्या चंद्रपूर-गडचिरोलीत एवढा बांबू, आणि बनवतात काय, तर तीच टोपली आणि तोच पेनस्टँड. त्या लोकांना फक्त थ्रीडी मॉडेलिंग शिकवलं ना, की झालं. प्रॉब्लेम सॉल्व्ह्ड."

मी घास खाली ठेवला. पुढची वीस मिनिटं काय बोललो ते धड आठवत नाही, पण शेवटी तो म्हणाला, "अरे, एवढं चिडायला काय झालं?" तेव्हा उत्तर देता आलं नाही. दोन दिवस डोक्यात तेच फिरतंय. आज शनिवार, पावसाने बाहेर जायची सोय नाही, चहा झालाय, तेव्हा लिहूनच टाकतो.

चिडायची कारणं दोन. एक, मी चंद्रपूरचा. दोन, ज्या सॉफ्टवेअरने म्हणे प्रॉब्लेम सुटणार आहे, तसलं सॉफ्टवेअर बनवायचा मीच पगार घेतो. पुण्यात एका कंपनीत कॅड मॉडेलरच्या जॉमेट्री टीममध्ये आहे. माझं काम फिलेटचं, म्हणजे धारदार कडा गोल करायचं. चार वर्षं झाली, मी फक्त कोपरे गोल करतोय. आईला अजून समजावता आलेलं नाही की याचे पैसे का मिळतात :)

ज्यांनी हा प्रकार पाहिला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. समजा मिक्सरचं भांडं डिझाइन करायचंय. डिझायनर आधी कागदावर चार रेघोट्या मारतो आणि मग संगणकावर बसतो. एक वर्तुळ काढायचं, ते वर खेचायचं, आतून पोकळ करायचं, कडा गोल करायच्या, मूठ चिकटवायची. प्रत्येक पायरीची नोंद होते. उद्या साहेब म्हणाले की भांडं पाच मिलिमीटर उंच हवं, तर एक आकडा बदलायचा, बाकीचं सगळं आपोआप नव्याने उभं राहतं. १९८८ मध्ये प्रो-इंजिनिअरने ही पद्धत बाजारात आणली, १९९५ मध्ये सॉलिडवर्क्सने ती साध्या विंडोज पीसीवर आणली, आणि ड्रॉइंग बोर्ड अडगळीत गेले. पुढे यादीतून मटेरियल निवडायचं, खऱ्यासारखं दिसणारं चित्र काढायचं, ताण कुठे येतो त्याचं रंगीत विश्लेषण करायचं, आणि शेवटी फाइल साचेवाल्याकडे पाठवायची. साचेवाला त्या फाइलवरून पोलादात साचा कोरतो. मग पहिलं भांडं आणि लाखावं भांडं सारखंच.

हे सगळं भारी आहे, त्यात वाद नाही. तुमची बाइक, तुमचा हेडफोन, तुमच्या बाळाची दुधाची बाटली, सगळं याच वाटेने आलंय. पण ही साखळी एका गृहीतकावर उभी आहे, आणि ते इतकं मुरलंय की आम्हाला दिसेनासं झालंय. ते म्हणजे माल सांगाल तसा वागतो. प्लास्टिकचे दाणे वितळतात आणि साच्याचा आकार घेतात. पत्रा दाबला की वाकतो. मालाला स्वतःचं म्हणणं नसतं. आकार आधी डोक्यात, मग पडद्यावर, आणि शेवटी मालात.

आता तुम्हाला आमच्या घरामागच्या गल्लीत नेतो. तिथे बुरडांची काही घरं आहेत. त्यातल्या एका काकांना मी लहानपणापासून पाहतोय. ओसरीवर बसून कोयत्याने बांबू चिरतात, कमच्या काढतात, सूप-टोपल्या-ताटवे विणतात. दिवाळीच्या आसपास झाडीपट्टीत धान कापणीला येतो आणि सुपांना मागणी वाढते. मागच्या दिवाळीत घरी गेलो तेव्हा मला सुचलं की सुपाचं थ्रीडी मॉडेल करू. काकांना दाखवू. खूष होतील.

सांगतो, सुपाने माझा घाम काढला. तीन बाजू उचललेल्या, एक बाजू मोकळी, मागचे कोपरे वळत वर येतात आणि तळ पुढे पसरत सपाट होत जातो. अशी दोन्ही दिशांनी वळणारी पृष्ठं जुळवणं हा माझा रोजचा धंदा, तरी दोन रात्री गेल्या. शेवटी जमलं. वर विणीचं चित्र चिकटवलं, उजेड लावला, आणि लॅपटॉप घेऊन काकांच्या ओसरीवर गेलो. पडद्यावर सूप गोल गोल फिरतंय, सावली पडतेय, मी आपला शाबासकीच्या प्रतीक्षेत.

काकांनी चष्मा लावून नीट पाहिलं. फिरवायला सांगितलं, खालून दाखव म्हणाले. मग म्हणाले, "हे त झालं बाबू. पन याची पयली कमची कोनती?"

मी म्हणालो, "म्हणजे?"

"म्हंजे सुरुवात कुठून केली? मी जर उद्या हे पाहून विनाले बसलो, त हात कुठी लावू?"

माझ्या मॉडेलमध्ये कमचीच नव्हती. एक गुळगुळीत पृष्ठ होतं आणि त्यावर कमच्यांचा फोटो डकवलेला होता. त्या रात्री हट्टाने मी खरोखरच्या कमच्या मॉडेल केल्या, एकेक पट्टी, वर-खाली-वर-खाली. पंख्याचा आवाज असा की लॅपटॉप आता उडणार. पूर्ण झाल्यावर पाहिलं तर प्रश्न तसाच. सॉफ्टवेअरकडे पायऱ्यांची यादी होती, पण ती माझ्या क्लिकची यादी. सूप कसं जन्माला येतं त्याची नव्हे. मी आकार आधी केला आणि त्यात कमच्या बसवल्या. काका कमची आधी घेतात, सपाट वीण घालतात, आणि मग कोपरे उचलतात. तो वळणारा कोपरा, ज्यासाठी मी दोन रात्री घालवल्या, तो कोणी डिझाइन केलेलाच नाही. ओल्या कमचीला ओढ दिली की ती तशीच वळते.

आता कळलं मला कँटीनमध्ये का चिडलो ते. मित्र म्हणत होता की त्या लोकांना कॅड शिकवा. माझं म्हणणं उलट आहे. कॅडला अजून बांबू शिकवलेला नाही. आणि जोवर शिकवत नाही, तोवर आपण शहरातले लोक लॅपटॉप घेऊन जंगलात जातो ते डिझाइन करायला नाही, बांबूला प्लास्टिक बनवायला जातो.

मुद्दे सुटे करतो, सवय आहे.

पहिला मुद्दा मटेरियलचा. विश्लेषण करताना आमचं सॉफ्टवेअर बहुतेक वेळा माल एकजिनसी आणि सगळ्या दिशांना सारखा धरतं. पोलादाला ते चालतं, दोन-चार आकड्यांत काम भागतं. दिशेप्रमाणे वागणाऱ्या मालाला, म्हणजे लाकडासारख्या, नऊ आकडे लागतात. बांबू त्याच्याही पुढचा. हे गवत आहे. कोंब जेवढा जाड वर येतो तेवढाच जाड राहतो, झाडासारखा वर्षागणिक रुंदावत नाही. धागे उभे, त्यामुळे ओढायला चिवट आणि आडव्या ताणाला लगेच चिरणारा. हे धागेही सारखे पसरलेले नाहीत, बाहेरच्या सालीकडे दाट, आतल्या बाजूला विरळ. काका याला पाठ आणि पोट म्हणतात. कमची वाकवताना पाठ बाहेर ठेवायची, पोट आत, हे त्यांच्या घरात शाळेतल्या पोरालाही माहीत असतं. आमच्या ड्रॉपडाउनमध्ये सागवान आहे, ओक आहे, मेपल आहे. बांबू नाही. आणि उद्या घातला तरी एका ओळीत पाठ आणि पोट कसं लिहिणार?

शिवाय कोणता बांबू? आपल्या जंगलात मुख्यतः मानवेल. बारीक, जाड भिंतीचा, बुंध्याकडे तर जवळजवळ भरीव. पोकळ नळी समजून मॉडेल करणाऱ्याने आधी मानवेल चिरून पाहावा.

दुसरा मुद्दा मापाचा. फाइलला सगळं सारखं हवं असतं. इथे माझी एक जुनी जखम आहे, ती सांगतो. काही वर्षांपूर्वी शहरातल्या एका संस्थेचा उपक्रम होता, नाव घेत नाही. गडचिरोली जिल्ह्यातल्या एका गावात बायकांकडून बांबूचे स्टूल करून घ्यायचे होते. मला कॅड येतं आणि तिकडची बोली येते, म्हणून मी हौसेने गेलो. डिझाइन तयारच होतं, पडद्यावर सुरेख दिसत होतं. चार पाय, प्रत्येक चाळीस मिलिमीटर जाड, वरपासून खालपर्यंत एकसारखा, आणि भोक जिथे पडणार तिथे गाठ नको. बायका अर्धा दिवस ढिगातून एकासारखे एक चार दांडे शोधत बसल्या. बांबू वर निमुळता होतो, गाठी आपल्या जागी येतात, चार पाय सारखे मिळणार कुठून? शेवटी ठरलं की जाड दांडे घ्यायचे आणि घासून चाळीसवर आणायचे. घासलं काय? साल. म्हणजे पाठ. म्हणजे बांबूत जो भाग सगळ्यांत मजबूत, तोच भुसा करून फेकला. फाइल खूष झाली, स्टूल अशक्त झालं. हे तिथल्या बायकांना दिसत होतं. एकीने म्हटलंही. मी भाषांतर केलं. डिझायनर म्हणाला, सध्या ड्रॉइंगप्रमाणे करू, नंतर बघू.

नंतर कोणी बघितलं नाही. प्रदर्शन झालं, पोस्टरवर डिझायनरची नावं आणि खाली 'स्थानिक कारागीर'. पुढच्या वर्षी त्यातल्या एका मावशींचा फोन आला. त्यांच्याकडे एक गिऱ्हाईक आलं होतं, त्याला दोन इंच बुटका स्टूल हवा होता. "भाऊ, ह्या कागदावरचं माप बदलवता येते का?" कागद म्हणजे पीडीएफ. पाय कापून बुटके करणं सोपं, पण आडव्या दांड्यांचे कोन बदलतात, भोकांच्या जागा बदलतात. मूळ फाइल असती तर एक आकडा बदलून दोन मिनिटांत नवं ड्रॉइंग निघालं असतं, तेच तर या सॉफ्टवेअरचं सगळं कौतुक. फाइल कुठे होती? ज्याची होती तो शिक्षण संपवून कुठे तरी नोकरीला लागला होता. आणि ते पीडीएफ एक्स्पोर्ट करून गावात ठेवणारा कोण? मीच. फाइल मागून घ्यावी, गावात ठेवावी, हे मला सुचलंसुद्धा नव्हतं. ऑर्डर गेली.

तिसरा मुद्दा क्रमाचा, तो काकांनी सांगितलाच. साच्यातल्या वस्तूला जन्मक्रम नसतो, ती एका दाबात होते. विणलेल्या वस्तूचा जन्मक्रम हेच तिचं डिझाइन असतं. पहिली कमची कोणती हे ज्या फाइलमध्ये लिहिलेलं नाही, ती फाइल म्हणजे वस्तूचा फोटो. आता तर वाक्य टाइप केलं की यंत्र बांबूच्या खुर्चीचं झकास चित्र काढून देतं. त्यालाही विचारा, पहिली कमची कोणती?

इथवर वाचून काही जण माना डोलवत असतील, की बरोबर आहे, कारागिराला संगणक हवाच कशाला, त्याच्या हातात शतकांचं ज्ञान आहे वगैरे. त्यांच्याशीही माझं भांडण आहे. हे बोलणारे लोक स्वतः एसीत बसलेले असतात. काकांच्या बोटांवरच्या चिरा त्यांनी पाहिलेल्या नाहीत. काकांच्या मुलाने हा धंदा सोडला, तो ट्रॅव्हल्सची गाडी चालवतो, आणि काका त्याला दोष देत नाहीत. सुपाचा भाव विचारा आणि एक सूप विणायला लागणाऱ्या तासांनी भागून पाहा, मग हातातल्या ज्ञानाचं कौतुक करा. बांबूच्या वस्तूला मोठा बाजार हवा असेल तर माप हवं, चाचणी हवी, दुसऱ्यांदा तशीच वस्तू बनवता यायला हवी. हे संगणकाशिवाय अवघड आहे.

आणि बांबूला नीट चाचणी मिळाली की काय होतं, ते आपल्याच रस्त्यावर उभं आहे. मार्च २०२३ मध्ये नितीन गडकरींनी जाहीर केलं की वणी-वरोरा महामार्गावर २०० मीटर लांबीचा बांबूचा क्रॅश बॅरियर बसवलाय. नाव 'बाहुबली'. वरोरा म्हणजे आपलं आनंदवनाचं वरोरा, चंद्रपूर जिल्हा. बांबूवर क्रिओसोट तेलाची प्रक्रिया, वर पुनर्वापर केलेल्या एचडीपीई प्लास्टिकचा थर, पीथमपूरच्या नॅट्रॅक्समध्ये चाचण्या, रुरकीच्या सीबीआरआयमध्ये आगीची चाचणी. पोलादाच्या कठड्याला पर्याय म्हणून गवत उभं केलं! हे कोणी नुसतं हात फिरवून केलेलं नाही. पण एक गोष्ट पाहा. त्यात वापरलेला बांबू बाल्कोआ जातीचा, मूळचा बंगाल-ईशान्येकडचा, जाड आणि मोठा. आमच्या जंगलातला मानवेल नव्हे. म्हणजे रस्ता आमचा, बांबू पाहुणा. मानवेलावर अशी मेहनत घेऊन महामार्गावर उभं करावं असं एखादं उत्पादन का नसावं? चंद्रपूर-मूल रस्त्यावर चिचपल्लीला वनविभागाचं बांबू संशोधन व प्रशिक्षण केंद्र आहे, २०१४ पासूनचं. माणसं शिकतात, वस्तू होतात. जागा आहे, जंगल आहे, हात आहेत. कमी आहे ती या हातांना समजून घेणाऱ्या फाइलची.

अशी फाइल होऊ शकते का? होऊ शकते, आणि पुरावे आहेत. संगणक घरोघरी यायच्या आधी अहमदाबादच्या एनआयडीचे एम. पी. रंजन आणि त्यांचे सहकारी ईशान्य भारतात फिरले. टोपलीचा तळ कसा सुरू होतो, वीण कशी चढते, काठ कसा बांधतात, हे त्यांनी वस्तुगणिक रेखाटून काढलं. १९८६ मध्ये त्याचं पुस्तक झालं. पहिली कमची कोणती हा प्रश्न त्यांनी विचारला होता. बालीमध्ये इबुकू नावाचा गट बांबूची तीन-तीन मजली घरं बांधतो. ते आधी बांबूच्याच काड्या तासून छोटं मॉडेल करतात आणि सुतार त्या मॉडेलवरून मोजून घर बांधतात. संगणक त्या मॉडेलच्या मागून येतो. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजातल्या संशोधकांनी तर गाडीच घोड्याच्या मागे नेऊन लावली. त्यांनी एकेक खरा दांडा स्कॅन करून त्याचं वळण, जाडी, गाठी संगणकात घेतल्या, म्हणजे आता डिझाइन करायचं ते हातात असलेल्या दांड्यातून. आधी माल, मग आकार. उलटी गंगा नाही, हीच सुलटी.

मग आपल्याकडे फाइल उलटी का चालते? माझ्या मते कारण तांत्रिक नाही. फाइल कोणाची, हा प्रश्न आपण विचारतच नाही.

आमच्या भागाला हा प्रश्न नवा नाही. फक्त तेव्हा तो बांबूबद्दल होता. गडचिरोली जिल्ह्याचा दोन-तृतीयांशाहून जास्त भाग जंगल. तरी जंगलातला बांबू कागद गिरणीला जायचा, आणि गावाने तोडला तर गुन्हा. २००६ च्या वनहक्क कायद्याने बांबूला गौण वनोपज म्हटलं, म्हणजे त्यावर गावाचा हक्क आला. धानोरा तालुक्यातल्या लेखा-मेंढा गावाला २००९ मध्ये १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. पण बांबू गावाबाहेर न्यायचा तर वाहतूक परवाना लागे आणि परवान्याचं पुस्तक वनखात्याच्या टेबलावर. मालक गाव, पण शिक्का दुसऱ्याचा. गाव हटून बसलं. अखेर २७ एप्रिल २०११ ला तेव्हाचे केंद्रीय मंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण गावात आले आणि परवान्याचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती आलं. इतकी वर्षं ज्या बांबूची चोरी व्हायची, तो विकायचा झाला.

मला सांगा, मावशींच्या स्टूलची गोष्ट याहून वेगळी आहे का? बांबू त्यांचा, हात त्यांचे, पण फाइल दुसऱ्याच्या लॅपटॉपवर. माप बदलायचं तर परवानगी मागा, आणि द्यायला माणूसच जागेवर नाही. २००० च्या डिझाइन कायद्याखाली नव्या आकाराची नोंदणी करता येते, दहा वर्षं आणि वर पाच असं संरक्षण मिळतं. नोंदणीला लागतात चित्रं, आणि ती ज्याच्याकडे फाइल त्याच्याकडे. 'पाठ बाहेर ठेवा, नाहीतर चिरेल' असं ज्या बाईने सांगितलं, तिचं नाव लिहायला त्या अर्जात कोण जागा शोधणार?

म्हणून माझ्या डिझायनर मित्रासाठी, आणि आपल्यातले जे कोणी पुढेमागे अशा उपक्रमात हौसेने जातील त्यांच्यासाठी, चार गोष्टी लिहून ठेवतो. उपदेश वाटला तर वाटू द्या.

१. लॅपटॉप उघडायच्या आधी बांबू मोजा. गावात जो ढीग पडलाय त्यातल्या दांड्यांच्या दोन्ही टोकांची जाडी, गाठींच्या जागा. साध्या व्हर्नियरने होतं. मग त्या ढिगातून काय होईल ते ठरवा. चार सारखे पाय मिळत नसतील तर चार सारखे पाय लागणार नाहीत असा स्टूल करा. डिझायनर कशाला म्हणतात मग तुम्हाला?

२. फाइलमध्ये क्रम लिहा. पहिली कमची, दुसरी कमची, कोपरा कधी उचलायचा. चित्रं काढा, व्हिडिओ जोडा, मराठीत लिहा, गोंडीत बोलून घ्या. ज्यांनी सांगितलं त्यांची नावं त्यांना विचारून घाला.

३. फाइल गावात ठेवा. ग्रामसभेकडे, बचत गटाकडे, जो कोणी वस्तू बनवतो त्याच्याकडे. उघडता येईल अशा स्वरूपात ठेवा. फ्रीकॅड २००२ पासून फुकट उपलब्ध आहे. आमच्यासारख्या कंपन्यांच्या महागड्या फॉरमॅटमध्ये फाइल देणं म्हणजे कुलूप देऊन किल्ली घरी नेणं. (हे माझ्या मॅनेजरने वाचू नये.)

४. आणि गावातल्या एका तरी पोराला किंवा पोरीला आकडा बदलायला शिकवा. अख्खं कॅड नको. फक्त चारशे पन्नास खोडून चारशे लिहायचं आणि नवा कागद छापायचा. मावशींची ऑर्डर तेवढ्यावर वाचली असती.

यावर मित्राचं म्हणणं मला ठाऊक आहे, कारण त्याने ते कँटीनमध्येच मांडलं. तो म्हणाला, "प्रोजेक्टला तीन महिने असतात, बजेट असतं, शेवटी प्रदर्शनात काहीतरी दाखवावं लागतं. एवढं सगळं कोण करणार?" बरोबर आहे त्याचं. तीन महिन्यांत एवढं होत नाही. पण मग तीन महिन्यांत जे होतं त्याला बांबू विकास म्हणू नका. त्याला प्रदर्शन म्हणा. मला प्रदर्शनाचं वावडं नाही.

आणि फुकटचा शहाणपणा शिकवून मी मोकळा होतोय असंही नाही. गेले काही शनिवार-रविवार फ्रीकॅडवर एक छोटी पायथन स्क्रिप्ट लिहितोय. दांड्यांच्या मापांची यादी द्यायची, हव्या त्या स्टूलसाठी कोणते दांडे कुठे लावायचे ते ती सुचवते, घासाघासी न करता. फार हुशार नाही, पण चालते. मागच्या महिन्यात घरी गेलो तेव्हा काकांच्या ओसरीवर बसून वीस-बावीस दांडे मोजले, आकडे भरले, आणि उत्तर दाखवलं. काकांनी पुन्हा चष्मा लावला. स्क्रिप्टने निवडलेले दांडे एकेक करून उचलले, वाकवून पाहिले, बोटाने ठोकले. चारातले तीन ठीक म्हणाले. चौथा बाजूला ठेवला.

"हा ओला आहे. उद्या वाळला का आक्रसते, मंग तुह्या भोकात ढिल्ला पडते. तुह्या यादीत ओला-सुका कुठी लिवला?"

नव्हता लिहिलेला. यादीत एक रकाना वाढवला. भरायचा कसा, ते काकांनाच विचारावं लागणार, कारण ठोकून येणारा आवाज मला अजून ओळखता येत नाही. पुढच्या खेपेला ते शिकायचंय.

मित्रालाही या दिवाळीत चंद्रपूरला चल म्हणून सांगितलंय. धान कापणीचे दिवस असतील, काकांकडे सुपांची गर्दी असेल. अट एकच, पहिले दोन दिवस लॅपटॉप माझ्या आईच्या कपाटात. तो 'बघू' म्हणालाय. तिकीट लवकर काढ म्हणावं, सणात गाड्या मिळत नाहीत.

असो. पाऊस थांबलाय आणि दूध संपलंय. निघतो.

ता.क. मावशींना मी तो बुटक्या स्टूलचा कागद शेवटी करून पाठवला, मोजमापं फोनवर विचारून विचारून, नव्याने मॉडेल करून. गिऱ्हाईक तोवर गेलं होतं. पण फाइल या वेळी त्यांच्या मुलीच्या मोबाइलवर आणि बचत गटाच्या पेनड्राइव्हवर, दोन्हीकडे आहे.